फिफ्टीने काढलेले फोटो धूसर का येतात: क्रॉप सेन्सरवरच्या ५० एमएम एफ/१.८ चं निदान

गोव्यात चवथ (गणेशचतुर्थी) झाली की पुढचा आठवडाभर एकच तक्रार कानावर येते. किट लेन्सने (कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या लेन्सने) घरात फोटो काळपट येतात म्हणून हौसेने फिफ्टी, म्हणजे ५० एमएम एफ/१.८ लेन्स घेतली, गणपतीसमोर, आरतीत, पंगतीत भरपूर फोटो काढले. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या स्क्रीनवर सगळे झकास. कॉम्प्युटरवर उघडले तर निम्मे धूसर. मग दोन मतं हमखास पुढे येतात: लेन्स स्वस्त म्हणून काच हलकी, नाही तर ‘क्रॉपवर फिफ्टी चालतच नाही’. दोन्ही चूक.

क्रॉपवर फिफ्टी छान चालते. ती मुळात फुल फ्रेमसाठी, म्हणजे ३५ एमएम फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरसाठी, केलेली असते आणि साध्या कॅमेऱ्यांतला त्याहून लहान क्रॉप सेन्सर तिच्या प्रतिमेचा फक्त मधला भाग वापरतो, त्यामुळे कोपऱ्यांतला मऊपणा आणि काळोखी बरीचशी चौकटीबाहेरच राहते. पण किट लेन्स ज्या सवयी चालवून घेते त्या ही चालवून घेत नाही. एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड (अपर्चर) मोठं: एफ/५.६ च्या तुलनेत एफ/१.८ ला जवळपास दहापट प्रकाश आत येतो. त्याची किंमत कुठे मोजावी लागते हे कळलं की लेन्स विकायचा विचार बहुधा मागे पडतो.

कोणतीही सेटिंग बदलण्याआधी धूसर फोटो शंभर टक्के मोठा करा आणि सगळ्या चौकटीभर नजर फिरवा. चेहरा धूसर पण मागची भिंत किंवा पुढची समई लख्ख असेल, तर फोकस चुकलाय. काहीच लख्ख नाही आणि दिव्यांच्या ठिपक्यांना एकाच दिशेला शेपट्या फुटल्यात, तर कॅमेरा हललाय. मखर, भिंत, सगळं लख्ख आणि फक्त माणसांचे हात पुसट, तर माणसं हललीत. आणि सगळ्या फोटोवर दुधाळ छटा असेल, काळे भाग काळे वाटतच नसतील, तर काचेवर काहीतरी आहे. चौघांचे इलाज वेगवेगळे आहेत. हलल्यामुळे बिघडलेल्या फोटोवर फोकसचा इलाज करत बसलात तर पुढच्या चवथीलाही हेच होणार.

फोकस जातो माटोळीवर

सगळ्यात जास्त फोटो इथे बिघडतात. गोव्यातल्या घरातला गणपती ऑटोफोकससाठी कठीण विषय आहे. मूर्तीच्या पुढे आणि वर माटोळी, म्हणजे टांगलेल्या फळांची आरास: नारळ, सुपारीचे घोस, केळी, तोरिंगं, काकड्या. खाली समया. कॅमेरा नवा असतो तेव्हा कोणता फोकस पॉइंट घ्यायचा हे तोच ठरवतो, आणि व्ह्यूफाइंडरमधून फोटो काढताना त्याचा कल जवळच्या, ठळक कडा असलेल्या वस्तूकडे असतो. म्हणजे सुपारीच्या घोसाकडे. किट लेन्सने एफ/५.६ वर ही चूक पुष्कळदा झाकली जाते. फिफ्टीवर ती उघडी पडते.

आकडे पाहा. दीड मीटरवरून एफ/१.८ ने काढलेल्या फोटोत क्रॉप सेन्सरवर लख्ख दिसणारा पट्टा साधारण सहा सेंटिमीटरचा असतो, निम्मा पुढे आणि निम्मा मागे. एक मीटरवर तो पावणेतीन सेंटिमीटर उरतो. डोळ्यावर फोकस धरला तर कान त्यात बसत नाही. त्याच दीड मीटरवर एफ/२.८ ला साडेनऊ आणि एफ/४ ला चौदा सेंटिमीटर मिळतात. ‘एफ/१.८ ची लेन्स घेतली तर एफ/१.८ लाच वापरायची’ हा हट्ट सोडला तर यातली निम्मी तक्रार संपते. घरातल्या माणसांसाठी एफ/२.५ किंवा एफ/२.८ ही माझी नेहमीची जागा, एफ/१.८ मी समईच्या उजेडापुरतं राखून ठेवतो.

दुसरी गोष्ट, फोकस पॉइंट स्वतः निवडा. मेनूत सिंगल पॉइंट लावा आणि तो कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर ठेवा. मूर्तीचा फोटो असेल तर मूर्तीच्या डोळ्यांवर. कॅननच्या १५००डी सारख्या बॉडीत (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यात) नऊ पॉइंट असतात आणि त्यातला मधला सर्वांत भरवशाचा. कमी उजेडात कडेचे पॉइंट चाचपडतात, म्हणून लोक मधल्याने फोकस धरतात, शटर अर्धं दाबून ठेवतात आणि कॅमेरा वळवून चौकट जुळवतात. लांबच्या फोटोला हे चालतं. जवळ मात्र गणित बिघडतं: सव्वा मीटरवरच्या डोळ्यावर फोकस धरून कॅमेरा दहा अंश वळवला, की फोकसची पातळी डोळ्याच्या मागे जवळपास दोन सेंटिमीटर सरकते. त्या अंतरावर एफ/१.८ ला पातळीच्या पुढच्या बाजूला सवलतच तेवढी असते, आणि ती सगळी इथेच खर्च होते. शिवाय अर्धं बटण दाबून उभे असताना आपण स्वतः थोडे पुढे-मागे डोलत असतो, ते वेगळंच. म्हणून जवळच्या फोटोला कडेचाच पॉइंट घ्या, किंवा मधल्या पॉइंटवर फोटो थोडा ऐसपैस काढून नंतर कापा. चोवीस मेगापिक्सेलमध्ये कापायला भरपूर जागा असते.

आरती ओवाळणारा माणूस एका जागी राहत नाही. तिथे फोकस एकदा धरून थांबणारा मोड नको. कॅननवर एआय सर्वो, निकॉनवर एएफ-सी लावा आणि बटण अर्धं दाबून पॉइंट चेहऱ्यावर ठेवत राहा.

मखरासमोर अख्खं कुटुंब दोन रांगांत उभं राहतं तेव्हा चार मीटर मागे जा, एफ/४ लावा आणि पुढच्या रांगेतल्या मधल्या माणसाच्या डोळ्यावर फोकस करा. त्या अंतरावर एफ/४ ला जवळपास एक मीटरचा पट्टा मिळतो, दोन्ही रांगा दाटीने उभ्या केल्या तर बसतात. चार मीटर मागे जायला जागा कुठे आहे, हा प्रश्न मात्र रास्त आहे. क्रॉप सेन्सरवर फिफ्टी फुल फ्रेमवरच्या ७५ ते ८० एमएम लेन्सइतका अरुंद कोन दाखवते. कॅननवर तीन मीटरवरून आडव्या चौकटीत जेमतेम १.३४ मीटर रुंदी मावते. जुन्या घरातली साल (मोठा दिवाणखाना) किंवा राजांगण (आतलं अंगण) असेल तर निभतं, फ्लॅटच्या हॉलमध्ये पाठ भिंतीला टेकते. यावर सेटिंगने उपाय नाही. घरातलेच फोटो जास्त काढणार असाल तर फिफ्टीऐवजी निकॉनची डीएक्स ३५ एमएम एफ/१.८ किंवा कॅननची २४ एमएम एफ/२.८ एसटीएम जास्त कामाची. दुसरीत सव्वा स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) उजेड कमी मिळतो, पण माणसं चौकटीत तरी येतात.

कॅमेरा हलतो, कारण आधी तो सांभाळला जात होता

बहुतेक किट लेन्समध्ये आयएस किंवा व्हीआर असतं. हात थोडा थरथरला तरी ते सावरून घेतं, म्हणून १/२० सेकंदाच्या शटरलाही फोटो बरा यायचा. स्वस्त प्राईममध्ये (झूम नसलेल्या लेन्समध्ये) ही सोय नसते. लेन्स बदलली, सवय तीच राहिली. वर कोन अरुंद झाल्याने थरथर फोटोत जास्त मोठी दिसते.

जुना नियम सांगतो, फोकल लेंथला (लेन्सच्या एमएम आकड्याला) एकाखाली लिहा: ५० ला १/५०. क्रॉपवर तो १/८० होतो. आणि चोवीस मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरचे पिक्सेल इतके बारीक असतात की तेवढ्या दाटीने फुल फ्रेम भरला तर ५५ ते ६० मेगापिक्सेल होतील, म्हणून शंभर टक्क्यांवर पाहताना १/८० लाही किंचित पुसटपणा दिसतो. १/१६० धरून चाला. घुमट आरतीत घुमटावर (मातीच्या चामडी तोंडाच्या वाद्यावर) पडणारी बोटं आणि शामेळ या वाद्याच्या काठ्या गोठवायच्या तर १/२५० पेक्षा खाली नको. हात पुसट आणि चेहरे लख्ख हवे असतील तर मुद्दाम १/६० वर उतरा, पण कोपर भिंतीला टेकवा.

अपर्चर प्रायोरिटीत (एफ आकडा आपण निवडतो त्या मोडमध्ये) शटर कॅमेरा ठरवतो आणि अंधारात तो बिनधास्त खाली येतो. निकॉनच्या साध्या बॉडींतही ऑटो आयएसओला (सेन्सरची संवेदनशीलता कॅमेऱ्यानेच ठरवण्याला) किमान शटर स्पीड घालून देता येतो. तो १/१६० करा. तुमच्या बॉडीत ती सोय नसेल तर सरळ एम (मॅन्युअल) मोड: १/१६०, एफ/२.५, आयएसओ ऑटो. आयएसओ ३२०० दिसला म्हणून घाबरू नका. दाणेदार फोटो नंतर थोडा तरी सुधारता येतो, हललेला फोटो नाही.

दुधाळ छटा: दमटपणा, बोटं आणि फिल्टर

पावसाळ्यात आणि चवथीच्या दिवसांत गोव्याची हवा लेन्सला मानवत नाही. पणजीहून एसी लावलेल्या गाडीतून म्हार्दोळला किंवा कवळ्याला पोचायचं, दार उघडून कॅमेरा डोळ्याला लावायचा, आणि समोर धुकं. थंड काचेवर बाहेरच्या दमट हवेचं पाणी धरतं. पुसलं तर परत येतं, कारण काच अजून थंडच असते. उतरण्याच्या अर्धा तास आधी कॅमेरा बॅगेसकट झिप लावलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि बाहेर आल्यावर पिशवी तशीच बंद राहू द्या. पाणी पिशवीवर धरेल, आतली काच हळूहळू बाहेरच्या तापमानाला येईल. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तेवढ्यात लेन्स काढून आत डोकावू नका. सेन्सरवर दव धरलं तर नवी कटकट.

पाण्याने धरलेलं धुकं निघून जातं, बुरशी जात नाही. लेन्स बॉडीवरून काढा, मोबाईलचा टॉर्च मागून लावा आणि समोरून तिरकं पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. कॅननच्या लेन्सचं अपर्चर काढल्यावर उघडंच राहतं, म्हणून आतलं सगळं दिसतं; निकॉनच्या जी लेन्समध्ये ते मिटलेलं असतं, मागची छोटी दांडी बोटाने सरकवून उघडावं लागतं. सेकंडहँड फिफ्टी घेताना ही तपासणी दुकानातच करा. कडेला एखादा धागा असेल तर फोटोत फरक पडत नाही, पण तो वाढतो.

ठेवणीचं म्हणाल तर कपाट आणि चामड्याची पेटी, दोन्ही टाळा. महागडा ड्राय कॅबिनेट नसेल तर रबरी कडेचा घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. सिलिका जेलचा रंग बदलला की ते तापवून सुकवा. तांदळाच्या डब्यात लेन्स ठेवायचा सल्ला कोणीतरी देतंच. तांदळाची भुकटी फोकसच्या रिंगेत शिरते, त्यापेक्षा कपाट बरं.

बाकी दुधाळ फोटोंत मोठा वाटा बोटांच्या ठशांचा आणि स्वस्त यूव्ही फिल्टरचा असतो. समईची ज्योत चौकटीच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात आणि तिचं हिरवट प्रतिबिंब उजव्या खालच्या कोपऱ्यात दिसलं, तर फिल्टर काढून पुन्हा एक फोटो काढा. प्रतिबिंब गेलं किंवा फिकं झालं की निकाल लागला. काच वाचवायला हूड (लेन्सपुढचं झापड) लावा, त्याचा फोटोला फायदाच होतो.

आता लेन्सवर संशय घ्यायला हरकत नाही

फोकस पॉइंट बरोबर, शटर १/२५०, काच स्वच्छ, तरी चेहरा दरवेळी थोडा धूसर आणि कान दरवेळी लख्ख. हा फ्रंट-फोकस किंवा बॅक-फोकसचा, म्हणजे फोकस दरवेळी पुढे किंवा मागे पडण्याचा, प्रकार असू शकतो. डीएसएलआरमध्ये (आरसा असलेल्या कॅमेऱ्यात) व्ह्यूफाइंडरमधला फोकस वेगळ्या सेन्सरवर मोजला जातो आणि त्याचं मोजमाप व मुख्य सेन्सर यांत बारीक फरक असेल तर एफ/१.८ वर तो दिसतो. मिररलेसमध्ये मोजणी मुख्य सेन्सरवरच होते, त्यामुळे ही भानगड सहसा नसते.

तपासणी दिवसाउजेडी करा, पिवळ्या बल्बखाली नको. कॅमेरा ट्रायपॉडवर, अडीच मीटरवर वर्तमानपत्र सरळ उभं, कॅमेऱ्याच्या काचेला समांतर. शेजारी ४५ अंशांत तिरकी फूटपट्टी, तिचा मधला आकडा कागदाच्या पातळीत. एफ/१.८ लावा. कागदावरच्या मोठ्या मथळ्यावर मधल्या पॉइंटने व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून फोटो काढा. दरवेळी रिंग फिरवून फोकस बिघडवा आणि पुन्हा पुन्हा घ्या. मग लाइव्ह व्ह्यूमध्ये (पाठीवरच्या स्क्रीनवर पाहत) दहापट मोठं करून फोकस करा आणि तसेच फोटो काढा.

लाइव्ह व्ह्यूचे लख्ख, व्ह्यूफाइंडरचे दरवेळी एकाच बाजूला सरकलेले, तर दुरुस्ती हवी. व्ह्यूफाइंडरचे कधी पुढे, कधी मागे, तर जुळणी करून फायदा नाही. स्वस्त लेन्सची मोटर आणि त्या बॉडीचा फोकस इतकाच अचूक आहे, तिथे एफ/२.८ आणि एकामागून एक दोन-तीन फोटो हाच उपाय. लाइव्ह व्ह्यूचेही मऊ असतील तर एफ/२.८ ला काढून पाहा. या लेन्स पूर्ण उघड्या असताना थोड्या मऊच असतात आणि कडांभोवती हलकी झळ दिसते, एफ/२.८ ला चित्र एकदम पालटतं. तिथेही चौकटीची एक बाजू लख्ख आणि दुसरी धूसर राहिली, तर आतली काच तिरकी बसली असण्याची शक्यता आहे. नवी असेल तर बदलून मागा.

फोकसची जुळणी मेनूतूनच करायची सोय कॅननच्या ७०डी, ८०डी, ९०डी या बॉडींत आणि निकॉनच्या डी७००० घराण्यात आहे. १५००डी, २००डी, डी३५००, डी५६०० यांत नाही.

किरकोळ, पण दरवेळी विचारले जाणारे

लेन्स नुसती पुढे-मागे करते, फोकस घेतच नाही: आधी लेन्सवरचा एएफ-एमएफ खटका पाहा, बॅगेत घासून सरकतो. मग अंतर. कॅननची एसटीएम फिफ्टी ३५ सेंटिमीटरच्या आत फोकस घेत नाही, जुनी दुसऱ्या आवृत्तीची आणि निकॉनची १.८जी ४५ च्या आत. माटोळीतल्या फळाला नाक लावून फोटो निघणार नाही. आणि सेकंडहँड घेतलेली निकॉनची १.८डी असेल तर तिच्यात मोटरच नसते. डी३००० आणि डी५००० घराण्यातल्या बॉडींवर ती हातानेच फोकस करावी लागते, बिघाड नव्हे.

मिरामारला दुपारी काढलेले फोटो पांढरेफटक: कडक उन्हात एफ/१.८ आणि आयएसओ १०० ला साधारण १/८००० शटर लागतं, साध्या बॉडी १/४००० वर थांबतात. एफ/२.८ किंवा त्यापुढे जा.

मंगेशीच्या पांढऱ्या दीपस्तंभाच्या कडेला जांभळी रेघ: आभाळासमोर पांढरी कड आणि उघडं अपर्चर. एफ/४ ला जवळपास जाते, उरलेली रॉ फाइलवर (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलवर) सॉफ्टवेअरमध्ये निघते. देवळाच्या आत फोटो काढायची परवानगी आहे का, हे आधी विचारा.

फोटोत आडवे काळपट पट्टे: एलईडी माळा आणि ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. १/१०० किंवा १/५० ला पट्टे जातात. घुमटाच्या बोटांसाठी १/२५० हवंच असेल तर त्या बाजूची माळ बंद करायला सांगा.

जत्रेतलं नाटक: नटाचा चेहरा धूसर आणि सपाट, पण कपड्यांची जर लख्ख. इथे फोकस बहुधा बरोबर असतो. नुसत्या लाल झोतात लाल रंगाची पातळी छताला लागते आणि चेहऱ्यावरचे बारकावे पुसले जातात, डोळ्याला ते फोकस चुकल्यासारखं वाटतं. हिस्टोग्राममध्ये (फोटोतल्या उजेडाच्या आलेखात) लाल आलेख उजव्या भिंतीला टेकला असेल तर उजेड एक स्टॉप कमी करा, आणि शक्य असेल तर पांढरा झोत येईपर्यंत थांबा.

दुरुस्तीला द्यायची वेळ आलीच तर लेन्स एकटी देऊ नका. फरक लेन्स आणि बॉडी या जोडीतला असतो, एकट्या लेन्सवर ‘ठीक आहे’ असा शेरा मारून ती परत येते. दोन्ही द्या, सोबत फूटपट्टीचे लाइव्ह व्ह्यू आणि व्ह्यूफाइंडरचे न कापलेले मूळ फोटो कार्डावर ठेवा, आणि कोणता फोटो कसा काढला ते कागदावर लिहून बॅगेत घाला.